ठेव पाककृतींची

मराठी घरातील जपून ठेवलेले कागद कोणते, असे विचारल्यास खरेदीखत, जन्मपत्रिका किंवा जुने पासबुक यांची नावे प्रथम पुढे येतील. तथापि अनेक घरांत या कागदांच्या जोडीने आणखी एक वस्तू सांभाळलेली असते. ती म्हणजे पाककृतींची वही. जुन्या रोजनिशीच्या कोऱ्या पानांवर लिहिलेली, हळदीच्या बोटांचे ठसे उमटलेली, शिवण सुटत चाललेली ही वही आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे किंवा सुनेकडे जाते. तीत गोड्या मसाल्याचे प्रमाण असते, अनारशांचे तांदूळ किती दिवस भिजवावेत हे असते, आणि समासात अमुक पदार्थ कोणाकडून शिकला याची नोंदही असते. बाजारात या वहीस मोल नाही. मात्र ती गहाळ झाली तर भरून देण्याचे सामर्थ्य कोणत्याही विमा कंपनीत नाही.

लिहून ठेवलेले आणि सांभाळलेले तेवढेच टिकते, हे पाकशास्त्राच्या बाबतीतही खरे आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' १९१० मध्ये छापले गेले आणि कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० मध्ये. म्हणून त्या काळची स्वयंपाकघरे आजही वाचता येतात. महाराष्ट्रापासून दूर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी राजवटीच्या काळातील पाककलेवरील हस्तलिखिते आहेत. राजवट गेली, पण ग्रंथालयाने जपल्यामुळे तिच्या मुदपाकखान्याची माहिती उरली. सामान्य कुटुंबाच्या वहीस असे ग्रंथालय लाभत नाही. तिची प्रत बहुधा एकच असते.

आजचे कुटुंब एका गावात राहत नाही, ही दुसरी अडचण. आई इंदुरात, मुलगी बंगळुरात आणि मुलगा परदेशात, असे एक कुटुंब कल्पनेत आणावे. वही इंदुरात आहे. दिवाळी आली की तिच्या पानांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवरून पाठविली जातात आणि पुढच्या दिवाळीस ती कोणालाच सापडत नाहीत. यावर उपाय म्हणून पाककृती एखाद्या संकेतस्थळावर साठविणे सोयीचे वाटते. परंतु तेथे मालकी दुसऱ्याची असते. ऑर्कुट ही एकेकाळी भारतात घरोघरी पोहोचलेली सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. पाककृतींचा संग्रह करण्यासाठीच प्रसिद्ध असलेली यमली ही सेवाही डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. सेवा चालविणाऱ्यास ती थांबविण्याचा अधिकार असतो. त्यात गैर काही नाही. मात्र ज्यांनी आपल्या प्रती काढून ठेवल्या नसतील, त्यांच्या हाती काय उरते, हा प्रश्न गंभीर आहे.

स्वतःच्या घरी स्वतःची प्रणाली

यातून पाककृतींची प्रणाली स्वतःच्याच संगणकावर चालविण्याचा मार्ग पुढे आला. मीली आणि तंदूर या अशा दोन परिचित प्रणाली होत. दोन्हींची आज्ञावली सर्वांना पाहण्यास खुली असून घरगुती वापरासाठी शुल्क पडत नाही. संकेतस्थळाचा पत्ता दिला असता त्या तेथील पाककृती आपणहून उचलून घेतात. हे शक्य होते ते एका समान नमुन्यामुळे. गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू यांनी २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग हा उपक्रम सुरू केला. त्यात पाककृतीसाठीही ठरावीक रकाने आहेत: साहित्य, कृती, लागणारा वेळ, किती जणांसाठी. बँकेच्या छापील अर्जात ज्याप्रमाणे नाव आणि खाते क्रमांक यांच्या जागा ठरलेल्या असतात, तसाच हा प्रकार. याखेरीज आठवड्याचा बेत आखणे, बेतावरून वाणसामानाची यादी काढणे, चार जणांचे प्रमाण चाळीस जणांसाठी वाढविणे, ही कामेही या प्रणाली करतात.

वहीतील मजकूर या रकान्यांत भरताना खरी कसोटी लागते. 'तांदळाचे पीठ २ वाट्या' ही नोंद यंत्र समजते आणि दहापटही करते. 'मोहन अंदाजाने' किंवा 'पिठात मावेल तेवढे पाणी' यांचे गणित त्यास करता येत नाही. यास्तव वहीची मालकीण हयात आणि उत्साही असताना तिच्यासमवेत बसून तिची वाटी मापून घेणे हे या उपक्रमातील पहिले आणि सर्वांत निकडीचे काम होय. वहीच्या पानाचे छायाचित्रही पाककृतीस जोडावे. प्रमाण टंकलिखित करता येते. हस्ताक्षर येत नाही.

कंटेनर आणि कर्णधार

अशी प्रणाली आता बहुधा कंटेनरच्या स्वरूपात मिळते. हा शब्द बंदरावरून आला आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे 'आयडियल एक्स' हे जहाज अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या घेऊन निघाले आणि मालवाहतुकीचे स्वरूप पालटले. पेटीत चहा आहे की यंत्राचे भाग, याच्याशी यारीस कर्तव्य उरले नाही. पेटीचे माप ठरलेले असले की पुरे. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरावर हेच तत्त्व नित्य पाहावयास मिळते. संगणकाच्या क्षेत्रात २०१३ साली डॉकरने ही कल्पना लोकप्रिय केली. प्रणाली आणि तिला लागणाऱ्या साऱ्या पूरक आज्ञावली एका बंद पेटीत भरल्या म्हणजे ती पेटी कोणत्याही योग्य संगणकावर त्याच रीतीने चालते.

पेट्या अनेक झाल्या आणि संगणकही अनेक झाले की कोणती पेटी कोठे ठेवावी, हे पाहणारा कोणी तरी हवा. हे काम कुबरनेटीस करते. या ग्रीक शब्दाचा अर्थच सुकाणू धरणारा कर्णधार असा आहे. गूगलने २०१४ मध्ये ही प्रणाली जाहीर केली आणि २०१५ मध्ये ती एका सामाईक प्रतिष्ठानाकडे सोपविली. एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या समूहास क्लस्टर, त्यातील प्रत्येक संगणकास नोड आणि कंटेनरच्या सर्वांत लहान गटास पॉड म्हणतात. पॉड म्हणजे शेंग. शेंगेत एक दाणा असू शकतो, अधिकही असू शकतात. लहान संगणकांवर चालावी म्हणून २०१९ मध्ये रँचर लॅब्जने के-थ्री-एस ही हलकी आवृत्ती आणली. घरगुती क्लस्टरसाठी ती सोयीची ठरते.

कुबरनेटीसची कार्यपद्धती बँकेच्या ग्राहकांस परिचित वाटेल. दरमहा ५ तारखेस बचत खात्यातून आवर्ती ठेवीत रक्कम वर्ग करावी, अशी स्थायी सूचना ग्राहक एकदा देतो आणि पुढे प्रत्येक महिन्यास बँक ती पाळते. कुबरनेटीसलाही अशीच लेखी सूचना द्यावयाची असते: पाककृतींच्या प्रणालीची अमुक आवृत्ती, तिची एक प्रत, सदैव चालू असावी. प्रत्यक्ष स्थिती सूचनेशी जुळते की नाही, हे ती अखंड पडताळते. पॉड बंद पडला तर ती नवा उभा करते. सूचनेत प्रणालीचा आवृत्ती क्रमांक स्पष्ट लिहावा. 'नवीनतम' एवढेच लिहिल्यास एखाद्या रात्री पॉड पुन्हा उभा राहताना आवृत्ती बदललेली असते आणि माहितीसाठ्याची रचनाही तिच्याबरोबर बदलते. तो बदल मागे फिरविणे कठीण जाते. यास्तव आवृत्ती बदलण्यापूर्वी बॅकअप घेणे हा नियम समजावा.

डबा टाकाऊ, आतला जिन्नस नव्हे

येथपर्यंत सारे सुरळीत वाटते आणि याच ठिकाणी नवख्या माणसाचे नुकसान होण्याचा संभव असतो. पॉड बंद पडला की नवा उभा राहतो, हे खरे. पण तो अगदी कोरा उभा राहतो. कंटेनरच्या आत लिहिलेली माहिती त्या कंटेनरबरोबरच नष्ट होते. आईसमवेत बसून महिनाभर टंकलेल्या शंभर पाककृती कंटेनरच्या पोटातच राहिल्या असतील, तर पहिल्याच पुनरारंभानंतर पडद्यावर नवी कोरी, रिकामी प्रणाली दिसेल. क्लस्टरच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसेल. प्रणाली चालू असावी, ही सूचना त्याने तंतोतंत पाळलेली असेल.

यासाठी टिकाऊ व्हॉल्यूमची मागणी स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. व्हॉल्यूम म्हणजे पॉडबाहेरील साठवणीची जागा. लॉकरप्रमाणे ती वेगळी घ्यावयाची असते. पॉड येवोत वा जावोत, व्हॉल्यूम राहतो. तथापि त्याच्या अटी वाचूनच पुढे जावे. मागणीनुसार आपोआप निर्माण होणाऱ्या व्हॉल्यूमचे धोरण सामान्यतः 'मागणी रद्द होताच व्हॉल्यूमही पुसावा' असे असते. मागणीपत्र चुकून खोडले गेले की आतील ऐवजही जातो. हे धोरण बदलून 'राखून ठेवावा' असे करता येते, आणि ते आरंभीच केलेले बरे. दुसरी अट जागेची. के-थ्री-एसबरोबर येणारी साठवण त्या त्या नोडच्या स्वतःच्या डिस्कवर असते. तो संगणक बंद पडला तर पॉड दुसऱ्या नोडवर जाऊन आपला व्हॉल्यूम उघडू शकत नाही.

माहिती कोणत्या माहितीसाठ्यात ठेवावी, हाही विचार हवा. मीली ही प्रणाली एसक्यूलाइट किंवा पोस्टग्रेस यांपैकी कोणताही वापरते. तंदूरसाठी पोस्टग्रेसचीच शिफारस आहे. एसक्यूलाइट म्हणजे एकच फाइल, एका घरास पुरेशी. मात्र ती फाइल नेटवर्कवरील सामाईक डिस्कवर ठेवली तर एकाच वेळी दोघांनी लिहू नये यासाठीचे कुलूप विश्वासाने लागत नाही आणि फाइल खराब होऊ शकते. साठवण नेटवर्कवर असेल तर पोस्टग्रेस घ्यावा. त्याच कारणाने आवृत्ती बदलताना जुना पॉड आधी थांबवून मगच नवा सुरू करण्याची सूचना द्यावी. एकाच खतावणीत दोन लिपिकांनी एकाच क्षणी नोंदी करू नयेत, हा हिशेबाचा जुना नियम येथेही लागू पडतो.

किल्ल्या कोणाच्या हाती

माहितीसाठ्याचा पासवर्ड आणि प्रणालीची गुप्त किल्ली ठेवण्यासाठी कुबरनेटीसमध्ये 'सीक्रेट' नावाची सोय आहे. नावामुळे गैरसमज होऊ नये. त्यातील मजकूर बेस-६४ या पद्धतीने लिहिलेला असतो. ज्यास मोडी वाचता येत नाही त्याला मोडीतील कागद अगम्य वाटतो, पण मोडी ही लिपी आहे, कुलूप नव्हे; बेस-६४ चेही तसेच आहे. ज्याच्या हाती तो मजकूर पडेल त्याला तो क्षणात उलगडता येतो. माहिती खरोखर कुलूपबंद करण्याची व्यवस्था कुबरनेटीसमध्ये आहे. ती आपण होऊन चालू करावी लागते. सीक्रेटची फाइल सार्वजनिक ठिकाणी ठेवू नये. प्रणाली प्रथम सुरू होताना मिळणारे ठरावीक वापरनाव आणि पासवर्ड सर्वांना ठाऊक असतात. ते पहिल्याच दिवशी बदलावेत.

बंगळुरातील मुलीस इंदुरातील सर्व्हर उघडता यावा म्हणून तो साऱ्या जगास खुला करण्याची आवश्यकता नाही. वायरगार्डसारख्या व्हीपीएनद्वारे केवळ कुटुंबीयांच्या उपकरणांना प्रवेश देता येतो. घराचे सर्व दरवाजे उघडे टाकण्यापेक्षा आपल्या माणसांना किल्ली देणे केव्हाही श्रेयस्कर.

तीन यंत्रे की एक?

क्लस्टरचे आकर्षण हे की एक संगणक बिघडला तरी काम थांबत नाही. मात्र त्यासाठी सभेप्रमाणे गणपूर्ती लागते. निर्णय घेणाऱ्या नोडांपैकी निम्म्याहून अधिक हजर असावे लागतात. तीन असतील तर एक गैरहजर असला तरी चालते. दोन असतील तर एकही गैरहजर असून चालत नाही. म्हणजे दोन संगणकांचे क्लस्टर घेऊन खर्च वाढतो आणि या बाबतीत सुरक्षितता वाढत नाही. शिवाय साठवणीचीही प्रत प्रत्येक नोडवर राहील, अशी लाँगहॉर्नसारखी व्यवस्था जोडावी लागते.

एका कुटुंबाच्या पाककृतींसाठी इतका खटाटोप आवश्यक आहे काय? प्रामाणिक उत्तर असे की एका लहान संगणकावर डॉकरने चालविलेली प्रणालीही ते काम उत्तम करते. १० वॅट वीज घेणारा संगणक अहोरात्र चालविला तर ३० दिवसांत ७.२ युनिटे लागतात. तीन संगणकांना त्याच्या तिप्पट. क्लस्टर शिकण्याची हौस असेल, अथवा घरातील कोणी त्याच क्षेत्रात नोकरी करीत असेल, तर पाककृतींची प्रणाली हा सरावाचा चांगला विषय आहे. फक्त हा सराव आईच्या वहीवर होऊ नये. तो आधी चाचणीच्या दहा-वीस पाककृतींवर करावा.

परत मिळते तीच ठेव

तीन नोडांवर तीन प्रती आहेत, म्हणून बॅकअप आहे, असे समजणे घातक होय. चुकून खोडलेली पाककृती तिन्ही प्रतींतून एकदमच खोडली जाते. बॅकअप म्हणजे वेगळ्या वेळी घेतलेली आणि वेगळ्या ठिकाणी ठेवलेली प्रत. जाणकारांचा सोपा नियम असा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. इंदुरातील सर्व्हरची प्रत दर आठवड्यास बंगळुरातील डिस्कवर गेली तर घराबाहेरच्या प्रतीची अट आपोआप पूर्ण होते.

बॅकअपमध्ये काय आहे, हेही पाहावे. पोस्टग्रेस वापरला तरी छायाचित्रे माहितीसाठ्यात नसतात. ती वेगळ्या कप्प्यात फाइलींच्या रूपाने असतात. केवळ माहितीसाठ्याची प्रत घेतली तर गोड्या मसाल्याचे प्रमाण परत मिळेल, आजीचे हस्ताक्षर मिळणार नाही. चालू माहितीसाठ्याचा कप्पा जसाच्या तसा उचलण्यापेक्षा पोस्टग्रेसच्याच साधनाने त्याचा उतारा काढावा. अन्यथा अर्धवट लिहिलेल्या नोंदी प्रतीत येऊ शकतात.

आणि अखेरीस ती प्रत उघडून पाहावी. बँकांमध्ये आपत्तीच्या प्रसंगी पर्यायी केंद्रातून कामकाज चालविण्याचा सराव केला जातो. पर्यायी केंद्र असणे पुरेसे मानले जात नाही. घरीही वर्षातून दोनदा, गुढीपाडव्यास आणि दसऱ्यास म्हणा, बॅकअपवरून वेगळी प्रणाली उभी करून कोणतीही पाच पाने तपासावीत. बँकेतील ठेवीस ठेव विमा महामंडळाचे प्रतिठेवीदार, प्रतिबँक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. घरच्या सर्व्हरवरील ठेवीस या तपासणीखेरीज दुसरे संरक्षण नाही.

नामनिर्देशन

एक प्रश्न उरतो आणि तो यंत्राचा नाही. हे सारे उभारणारी व्यक्ती घरात बहुधा एकच असते. नोड तीन असतील, प्रती तीन असतील; जाणणारा मात्र एकटा. तो परगावी गेला, आजारी पडला किंवा राहिलाच नाही, तर कुटुंबाच्या दृष्टीने तो सर्व्हर कुलूपबंद पेटीसारखा होतो. बँकेच्या ठेव खात्यास नामनिर्देशन याच विचाराने करावयाचे असते. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर एका ठेव खात्यास चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करण्याची मुभा मिळाली आहे. पाककृतींच्या ठेवीसही दोन वारस नेमावेत. सर्व्हर कोठे आहे, बॅकअप कोठे आहे, किल्ल्या कोणाकडे आहेत आणि प्रत पुन्हा कशी उभी करावी, हे साध्या मराठीत एका कागदावर लिहून महत्त्वाच्या कागदपत्रांसमवेत ठेवावे. तो कागद संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या व्यक्तीस वाचावयास द्यावा. तिला समजला तरच तो पुरा झाला.

वर्षातून एकदा साऱ्या पाककृती छापून त्यांची बांधणी करून घेण्यासही फारसा खर्च येत नाही. कागदास वीज लागत नाही, पासवर्डही लागत नाही. आणि मूळ वही? ती कोरड्या जागी, कापडात गुंडाळून ठेवावी. प्रणाली कितीही उत्तम चालली तरी ती वहीची प्रत आहे. यंत्राच्या भरवशावर मूळ वही रद्दीत जाऊ देऊ नये.